फिनाले मॅच पिस्तूल ४.५० : स्पर्धेच्या छऱ्यांचा डबा आणि मिलिग्रॅमचा काटा

एच अँड एन कंपनीचा फिनाले मॅच पिस्तूल हा एअर पिस्तुलाच्या छऱ्यांचा डबा घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘घ्यावा, पण स्पर्धेपुरता’ असे आहे. त्यातले छर्रे घरी एकेक करून तोलत बसावे का, या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र माझे चार महिने, एक नवा वजनकाटा आणि घरच्यांचा बराचसा संयम खर्ची पडला. ते उत्तर ‘नाही’ असे निघाले. ते तसे का निघाले हे सांगितल्याशिवाय या डब्याचे नीट परीक्षण होणार नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्रच लिहीत आहे.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज हाताळणाऱ्या माणसाला मोजमापाचे जे वेड लागते, ते मलाही आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या एका छोट्या रेंजवर मी सहा वर्षांपूर्वी दहा मीटर एअर पिस्तूल शिकू लागले आणि आता जिल्हा पातळीच्या स्पर्धांत नियमाने उतरते. साठ शॉट्समध्ये माझे गुण ५४५च्या आसपास असतात, म्हणजे मी हौशी नेमबाज आहे आणि पुढचे सर्व मत त्याच पातळीवरून दिलेले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

काट्याचे खूळ डोक्यात शिरले ते माझ्या आतेभावामुळे. तो ॲरिझोनात राहतो आणि तिकडच्या थ्री-गन स्पर्धांत भाग घेतो. या खेळात एकाच फेरीत रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्ही शस्त्रे आळीपाळीने वापरायची असतात. नेमबाज धावत एका जागेवरून दुसरीकडे जातो, कागदी आणि लोखंडी लक्ष्ये टिपतो, आणि घड्याळ सतत चालू असते. अशा खेळात काडतुसे भराभर संपतात, त्यामुळे तिकडचे अनेक स्पर्धक वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात. भावाच्या गॅरेजमध्ये त्यासाठी एक प्रेस टेबलाला घट्ट बसवलेली आहे. पुंगळी साफ करणे, तिला मूळ आकारात आणणे, ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवणे, तोललेली दारू घालणे आणि वर गोळी दाबणे, हे सगळे तो ज्या शांतपणे करतो ते पाहून मला आमच्या तपासणी विभागाची आठवण झाली. काटकसर हा त्यामागचा एक भाग झाला. खरी गोम ‘पॉवर फॅक्टर’ नावाच्या आकड्यात आहे. गोळीचे ग्रेन या एककातले वजन गुणिले तिचा सेकंदाला फुटांतला वेग, भागिले एक हजार, असे ते गणित आहे. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फुटांच्या वेगाने गेली, तर उत्तर १३० येते. ‘मायनर’ या खालच्या गटात राहण्यासाठी किमान १२५ लागतात. त्याहून कमी भरले तर स्पर्धकाची कामगिरी गुणांत धरली जात नाही, आणि उगाच जास्त ठेवले तर पिस्तूल हातात अधिक उसळून पुढचा शॉट उशिरा जातो. म्हणून प्रत्येक जण आपल्या शस्त्राला मानवेल असा आकडा शोधून, तो पुन्हा पुन्हा तसाच मिळावा यासाठी धडपडत असतो.

“ताई, तू तुझ्या पिस्तुलासाठी काय करतेस?” असे त्याने विचारले, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नव्हते. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, त्यामुळे ठाण्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत प्रेस बसवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या खेळात काडतूसच नाही. एअर पिस्तुलात दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा ढकलते. छर्रा साधारण सेकंदाला १५० मीटर वेगाने निघतो, म्हणजे त्याची ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आसपास भरते. आपल्या नियमांत या व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवान्यातून सूट आहे, ती मर्यादा फार दूर राहते. भरण्यासारखे काहीच नसलेल्या या खेळात माझ्यासारखीच्या हाती उरते ते छर्रे निवडणे, मोजणे आणि तोलणे. ते तरी मन लावून करावे, असे मी ठरवले आणि पुढच्याच शनिवारी जांभळी नाक्यावरून सराफांकडे असतो तसा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घेऊन आले.

आता डब्याविषयी. एच अँड एन म्हणजे हेंडलर अँड नाटरमान ही जर्मनीतली, हान म्युंडेन या गावची कंपनी. फिनाले मॅच ही तिची स्पर्धेसाठीची मालिका आहे आणि तीत पिस्तुलासाठी ०.४९ ग्रॅमचा व रायफलसाठी ०.५३ ग्रॅमचा, असे वेगळे छर्रे येतात. पत्र्याच्या चपट्या, गोल डब्यात ५०० नग असतात. छर्ऱ्याचे तोंड सपाट, मधे बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर, ज्याला सगळे ‘स्कर्ट’च म्हणतात. तोंड सपाट असल्यामुळे कागदावर पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ गोल भोक पडते आणि रेघेला छर्रा शिवला की नाही यावर वाद होत नाही. मागचा स्कर्ट हवेच्या दाबाने किंचित फुलून नळीला चिकटतो आणि हवा निसटू देत नाही. पुढचे डोके नळीच्या आतल्या सर्पिल आट्यांवर बसते. या डोक्याच्या व्यासालाच ‘हेड साइझ’ म्हणतात. मला हा छर्रा ४.४९ आणि ४.५० अशा दोन मापांत मिळाला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय फरक पडणार, असे वाटेल, पण तो पडतो, ते पुढे येईलच.

माझा पहिला डबा कुरिअरने आला आणि त्याचा पत्रा एका बाजूने चेपलेला होता. आत फोमची चकती असूनही त्या बाजूचे वीस-बावीस छर्रे स्कर्टला दबलेले निघाले. हा दोष कंपनीचा नव्हे. ज्या दुकानदाराने डबा नुसत्या पातळ पाकिटात घालून पाठवला त्याचा होता. फोन केल्यावर, “अहो मॅडम, शिसं आहे, थोडं दबणारच,” असे उत्तर मिळाले. शिसे मऊ असते म्हणूनच ते नीट बांधून पाठवायचे असते, हे त्यांना पटवण्याचा नाद मी सोडून दिला. तेव्हापासून डबा स्वतः जाऊन, उघडून, पाहून घेते आणि घोडबंदरवरच्या खड्ड्यांतून येताना तो पिशवीत टॉवेलात गुंडाळते. चेपलेला सोडून पुढच्या दोन डब्यांत मला नजरेला खटकणारा एकही छर्रा दिसला नाही. सगळ्यांचा रंग, चकाकी आणि कडा अगदी एकसारख्या होत्या. रोज हजारो सुटे भाग पाहणाऱ्या डोळ्यांचे हे मत आहे, तेव्हा ते मी थोडे गर्वानेच नोंदवते.

त्यानंतर तोलणे सुरू झाले. मिलिग्रॅमचा काटा वाऱ्याच्या झुळकेनेही हलतो, म्हणून पंखा बंद करावा लागतो, आणि मे महिन्यातल्या ठाण्यात पंखा बंद करून दोन तास पाचशे छर्रे चिमट्याने उचलत बसणे हा काय प्रकार असतो, हे मला विचारू नये. माझ्या घरच्यांना विचारावे. फिनाले मॅचचे जवळजवळ सगळे छर्रे सरासरीच्या वरखाली एका टक्क्याच्या आत भरले. तुलनेसाठी मी सरावाला वापरते तो स्वस्तातला डबाही तोलला. त्यात हाच फरक सहज तिप्पट-चौपट होता आणि काही छर्ऱ्यांच्या कडांना शिशाचे बारीक तुसे राहिलेले होते. फिनाले मॅचचे हलके, मध्यम आणि जड असे तीन ढीग करून मी वेगवेगळ्या डब्यांत भरले, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि मोठे काम पार पडल्याच्या समाधानात झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या टेबलावर एक कागद घेऊन बसले, तेव्हा ते समाधान ओसरू लागले. सेकंदाला १५० मीटर वेगाने जाणाऱ्या छर्ऱ्याला दहा मीटर कापायला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने साधारण २२ मिलिमीटर खाली येतो; ही घसरण साइट, म्हणजे नेम धरायच्या पिस्तुलावरच्या खुणा, लावतानाच भरून काढलेली असते, म्हणून ती आपल्याला कधी जाणवत नाही. आता छर्रा एक टक्का जड असला, तर हवेने दिलेली ऊर्जा तेवढीच धरल्यास त्याचा वेग सुमारे अर्धा टक्का कमी होतो, आणि त्यामुळे घसरण एक टक्क्याने वाढते. बावीस मिलिमीटरचा एक टक्का म्हणजे ०.२२ मिलिमीटर. पंखा बंद करून दोन रात्री घालवल्या त्या एवढ्याशा फरकासाठी.

हा फरक लक्ष्यावर ठेवून पाहू. एअर पिस्तुलाच्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि छर्ऱ्याची कड रेघेला शिवली तरी तो गुण मिळतो. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून आठ मिलिमीटर दूर गेला, तरी दहाच. पुढचे प्रत्येक वर्तुळही आठ-आठ मिलिमीटरने दूर आहे. शिवाय पिस्तुलाच्या पात्रता फेरीत गुण पूर्णांकांत मोजले जातात. आठ मिलिमीटरच्या पट्ट्यात ०.२२ मिलिमीटरची काय मातब्बरी? उलट, माझ्या पिस्तुलाच्या दोन्ही साइटमधले अंतर साधारण ३३ सेंटिमीटर आहे, आणि शॉट सुटताना फ्रंट साइट केवळ एक दशांश मिलिमीटर सरकली, तर कागदावर छर्रा तीन मिलिमीटर हलतो. वजनातल्या त्या एक टक्क्यापेक्षा हा फरक चौदापट आहे, आणि माझे बोट ट्रिगरवर तो दर दुसऱ्या शॉटला करत असते. मी हे गणित रेंजवरच्या आमच्या प्रशिक्षक सरांना दाखवले. त्यांनी कागद परत देत एवढेच म्हटले, “तुम्ही काटा घेतलात त्या पैशांत रोज संध्याकाळी वीस मिनिटे ड्राय फायरिंग करता आले असते, आणि तेही फुकट.” ड्राय फायरिंग म्हणजे छर्रा न घालता नेम धरून ट्रिगर दाबण्याचा सराव. काटा आणि वीस मिनिटे यांचा हिशेब कसा जुळतो ते मला कळले नाही, पण मुद्दा कळला.

तरीही कागदावरच्या गणितावर थांबणे तपासनीसाला शोभत नाही. रेंजवर एका टोकाला लोखंडी स्टँडला शिकंजा बसवलेला आहे. सरांच्या परवानगीने पिस्तूल त्यात रबर घालून आवळले आणि प्रत्येक ढिगातले पाच-पाच छर्रे, प्रत्येक वेळी नव्या कार्डावर, असे झाडले. हलके, मध्यम, जड, तिन्हींच्या कार्डांवर पाचही भोके एकमेकांत मिसळून एकच फाटके भोक झाले आणि चिठ्ठ्या काढून ठेवल्यावर कोणते कार्ड कोणत्या ढिगाचे, हे मलाच सांगता येईना. हेड साइझ बदलल्यावर मात्र चित्र पालटले. ४.५० मिलिमीटरच्या छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या भोकांचा पुंजका, माझ्या पिस्तुलात नेहमीच आटोपशीर आला, ४.४९चे छर्रे नळीत सैल बसत असावेत, कारण त्यांचा ग्रुप प्रत्येक कार्डावर थोडा विसविशीत होता आणि एखादा छर्रा एकटाच बाजूला जाऊन बसे. माझ्या शेजारच्या लेनवरच्या गृहस्थांच्या पिस्तुलात याच्या नेमके उलट घडले. तेव्हा ‘४.५० चांगला’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रत्येक नळीची पसंती वेगळी असते आणि ती शिकंज्यात एकदा तपासून घेण्यात घालवलेली दुपार वाया जात नाही. पिस्तुलाबरोबर कारखान्यातून जे चाचणीचे कार्ड येते, ते जपून ठेवले असेल तर त्याच्याशी आपला ग्रुप ताडून पाहता येतो. माझे कार्ड मी जपून ठेवले होते, आणि ४.५०चा ग्रुप त्याच्या जवळपास आला, हे या डब्याला दिलेले माझे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र समजावे.

इथे रायफलवाल्यांची बाजू सांगायला हवी, नाहीतर माझे मत एकांगी ठरेल. आमच्या रेंजवर अकरावीतली एक मुलगी एअर रायफल खेळते, तिला मी माझा कागद मोठ्या उत्साहाने दाखवला, तर ती नम्रपणे म्हणाली, “काकू, आमचं दहाचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं असतं.” ते खरेच आहे. रायफलच्या लक्ष्यावर दहा म्हणजे केवळ ०.५ मिलिमीटरचा ठिपका. २०१३पासून रायफलच्या पात्रता फेरीतही गुण दशांशात मोजले जातात, आणि एक दशांश गुण म्हणजे पाव मिलिमीटर. २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक निश्चित करणारा शेवटचा शॉट मारला तो १०.८चा, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. पनवेलच्या लक्ष्य शूटिंग क्लबच्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हा दहा म्हणजे दहा होते; आजच्या पद्धतीत त्याच चाळीस शॉट्समध्ये १०.० आणि १०.९ वेगळे मोजले गेले असते. पाव मिलिमीटरला किंमत असलेल्या या मुलांनी छर्ऱ्याच्या एकसारखेपणाची चिंता करणे रास्त आहे. मात्र त्यांनीही तोलत बसण्याऐवजी रायफलचा डबा आपल्या नळीत तपासून, पसंत पडलेल्या लॉटचे अनेक डबे एकदम घ्यावेत, असे मला वाटते, कारण पुढच्या लॉटमध्ये साचा किंचित झिजलेला असू शकतो आणि जुनी पसंती तशीच टिकेल याची हमी नसते. लॉटचा क्रमांक डब्यावर असतो. तो न पाहता डबा घेणे म्हणजे चपला न घालून बघता विकत घेण्यासारखे आहे.

किमतीबद्दल सांगायचे तर मला हा डबा सरावाच्या डब्याच्या तिपटीहून महाग पडला. आठवड्यातून चार दिवस शंभर-शंभर शॉट्स मारले, तर महिन्याला तीन डब्यांहून अधिक छर्रे लागतात, आणि तेवढे सगळे जर्मन छर्रे झाडणे माझ्या खिशाला झेपणारे नाही. स्पर्धेत साठ शॉट्स आणि आधीच्या पंधरा मिनिटांतले सरावाचे शॉट्स धरून एका वेळेला ऐंशीच्या आसपास छर्रे जातात, म्हणजे एक डबा सहा स्पर्धांना पुरतो. म्हणून स्पर्धा आणि तिच्या आधीचा आठवडा एवढ्यासाठीच फिनाले मॅच, आणि एरवी साधा डबा, अशी वाटणी मी केली आहे. फक्त बदल केल्यावर साइटचे एक-दोन क्लिक बदलावे लागतात. एका स्पर्धेत ते विसरले आणि पहिले दहा शॉट्स खाली-खाली जाताना मोजत बसले. तो दोष छर्ऱ्याचा नव्हता.

घरच्या सरावाबद्दल विचारणारे अनेक जण असतात, म्हणून सांगते की माझ्या फ्लॅटमध्ये दहा मीटर कुठेच मिळत नाहीत. दिवाणखान्याच्या दारापासून बाल्कनीच्या काचेपर्यंत जेमतेम साडेसहा भरतात. पाच मीटरवर अर्ध्या आकाराचे लक्ष्य लावता येते, पण मागे छर्रे अडवणारी पक्की पेटी आणि दाराला कडी हवी. मी घरी केवळ ड्राय फायरिंग करते. फिनाले मॅचचा डबा घरी येतो तो कपाटात राहण्यापुरता, आणि पावसाळ्यात त्यात सिलिका जेलची पुडी टाकावी लागते, कारण ठाण्याच्या दमट हवेत उघड्या शिशावर पांढरट भुकटी धरते. मागच्या जुलैमध्ये अर्धा उरलेला साधा डबा असाच वाया गेला. ती भुकटी हाताला लागू देऊ नये आणि तसे छर्रे नळीतही घालू नयेत. शिसे विषारी असते, त्यामुळे रेंजवर छर्रे तोंडात धरण्याची जी वाईट सवय काही जुन्या नेमबाजांत दिसते, ती मुलांनी उचलू नये, आणि डबा खाऊच्या डब्याशेजारी तर मुळीच ठेवू नये.

काटा आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. दिवाळीत आईने तो केशर तोलायला मागितला. शेकडो शिशाचे छर्रे ज्या ताटलीवर चढले-उतरले त्यावर केशर ठेवणे मला पटेना, म्हणून मी नाही म्हटले, आणि एवढा महागडा काटा घरात असून चिमटीनेच अंदाज घ्यावा लागतो म्हणून ती अजून कुरकुरते आहे.

गेल्या आठवड्यात दुकानात ४.५०च्या माझ्या लॉटचे तीन डबे शिल्लक होते. क्रमांक जुळवून, झाकण उघडून, स्कर्ट पाहून तिन्ही घेतले. या वेळी तोललेले नाहीत.